लाल दिवा विझायच्या आधी

परवा माझ्या भाचीनं कॉम्प्युटरमधून पेनड्राइव्ह उपटला. उपटलाच म्हणते मी, काढला नाही. वाफ्यातून मुळा उपटावा तसा. त्याचा दिवा लुकलुकत होता, आत काहीतरी लिहिणं चालू होतं, आणि ही बया एका हातानं मोबाइल कानाला लावून दुसऱ्या हातानं खसकन ओढून मोकळी. मी ओरडले. असं ओरडले की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. "काही होत नाही गं आत्या, मी नेहमी असाच काढते," म्हणे. काही होत नाही! हे तीन शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ते म्हणणाऱ्याचं खरंच काही होत नसतं. ज्याचं व्हायचं त्याचं होऊन जातं, आणि त्याला कुणी विचारायलासुद्धा जात नाही.

नंतर ती मला पाणी आणून देत म्हणाली, "एवढं काय झालं तुला? एका पेनड्राइव्हसाठी?" म्हणून हे लिहिते आहे. रागातच लिहिणार आहे. शांतपणे लिहायचा मक्ता मी घेतलेला नाही.

आमचं घर कन्नड तालुक्यातलं, मेंढरांवर जगलेलं. मेंढरं मोजायची अक्कल आमच्यात सगळ्यांना, पण अक्षराशी गाठ पडलेली पोरगी मी पहिली. बारावी झाले आणि औरंगाबादला मामाकडं आले. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. चारी बाजूंनी कारखाने उठत होते. काल बाजरी होती तिथं आज पत्र्याची शेड आणि दारात खुर्ची टाकून वॉचमन. आणि शहरात मोर्चे, बंद, दगडफेक, विद्यापीठाचं नामांतर होणार की नाही यावरून भांडणं. पंधरा-सोळा वर्षं तेच चाललेलं. आम्ही दोन्ही गोष्टी एकाच वर्तमानपत्रात वाचायचो, एका पानावर नवा कारखाना आणि दुसऱ्या पानावर संचारबंदी.

मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला आणि पैठण रोडवर चितेगावच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागले. टाइम ऑफिस म्हणजे कोण आलं, कोण नाही, याची नोंद ठेवणारं खातं. पण मी पर्मनंट नव्हते. "बघू सहा महिने," असं साहेबांनी सांगितलेलं, आणि ते झाले की पुन्हा तेच.

साहेब म्हणजे टाइम ऑफिसचे साहेब. त्यांनी पुण्याहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणवला होता आणि त्याचा त्यांना असा काही थाट की विचारू नका. त्याला वेगळी खोली, खोलीला एसी, दाराशी पाटी: चपला बाहेर काढाव्यात. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला पंखा नाही, आणि यंत्राला गारवा! पाहुणे आले की साहेब त्यांना अनवाणी आत आणायचे आणि मला म्हणायचे, "हं, दाखवा काहीतरी." मग मी काहीतरी दाखवायचे. पाहुणे "वा" म्हणायचे. मला तेव्हाही राग यायचा, पण सहा महिन्यांवर असलेल्या माणसाला राग परवडत नाही.

त्या कॉम्प्युटरच्या पोटात काही साठवायची सोय नव्हती. पुढं दोन फटी होत्या. वरच्या फटीत कामाची फ्लॉपी, खालच्या फटीत नोंदींची. आता फ्लॉपी कुणी पाहिलेली नाही म्हणून सांगते. काळी, चौकोनी, हातात धरली की वाकणारी. कव्हरला एका बाजूनं लांबट खाच असायची आणि त्या खाचेतून आतली तपकिरी फिल्म उघडी दिसायची. तिथं बोट लावायचं नाही. फ्लॉपी फटीत सरकवायची, खटका फिरवायचा, आणि शेजारचा लाल दिवा पेटला की समजायचं, आत लिहिणं चाललंय. दिवा विझेपर्यंत खटक्याला हात लावायचा नाही. लावलाच तर चालू ओळ अर्धी राहते, आणि कुठं काय लिहिलंय याची जी यादी फ्लॉपीवरच असते, तीच फाटते. मग सगळं आत असूनही काही म्हणजे काही सापडत नाही. क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. दोन दिवसांत येणारी अक्कल आहे ही, याला काय इंजिनिअर लागतो?

पॅकिंगमध्ये एक बाई होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, पण मला ताई म्हणायची, कारण मी एसीत बसायचे. ती गुत्तेदाराकडून आलेली, म्हणजे कारखान्याची माणूस नव्हे, ठेक्यावरची. अशा बायकांना टोकन नाही, कार्ड नाही. गेटवर सुपरवायझर एक चिठ्ठी करायचा, आज कोण कोण आलं त्याची. ती चिठ्ठी माझ्याकडं यायची आणि मी ती मशीनमध्ये टाकायचे. महिना संपला की चिठ्ठ्या रद्दीत. महिन्याचा एक छापील कागद निघायचा, तो गुत्तेदार घेऊन जायचा. म्हणजे ती बाई त्या दिवशी कारखान्यात होती याचा पुरावा जगात एकाच जागी उरायचा, माझ्या खालच्या फटीतल्या फ्लॉपीत.

आणि तिला तो पुरावा हवा होता. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की पर्मनंट करा म्हणून भांडता येतं, हे तेव्हा पैठण रोडवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गुत्तेदारांनाही माहीत होतं. म्हणून ते दिवस भरत आले की बायकांना घरी बसवायचे, पुन्हा दोन महिन्यांनी बोलवायचे. या बाईनं ठरवलं होतं की या वर्षी एक दिवस चुकवायचा नाही. तापात आली. दिराच्या लग्नात हळद लावून दुसऱ्या दिवशी आली. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या खोलीच्या दारात चपला काढून उभी राहायची, आत यायची नाही.

"ताई, आजचा पडला का?"

मी पडदा तिच्याकडं वळवायचे. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तिच्या नावापुढचा हजेरीचा 'पी' ती ओळखायची. मग ती आपला आकडा बोलायची. "एकशे त्र्याण्णव." माझ्या मशीनमध्ये पण एकशे त्र्याण्णवच असायचे. एकदाही तिचा हिशेब चुकला नाही.

तिचं मूळ गाव आमच्याच भागातलं. लहान असताना याच नामांतरावरून तिच्या वस्तीतली घरं जाळली, आणि आई तिला घेऊन शहरात आली ती आलीच. हे तिनं मला एकदा डबा खाताना सांगितलं, अगदी सहज, भाजीला मीठ कमी पडलंय म्हणावं तसं. त्या वर्षी आमच्या गावातूनही धूर दिसला होता. आमची माणसं त्या दिवशी मेंढरं घेऊन माळावर गेली, संध्याकाळी परत आली, आणि काही पाहिलं नाही म्हणाली. मी तिला हे कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी एका मोठ्या मोर्च्याच्या दिवशी शहर बंद होतं. तिची सगळी वस्ती मोर्च्याला गेली. ही पहाटे एका दुधाच्या टेम्पोत बसली, निम्म्यात उतरली आणि उरलेलं पायी चालत चितेगावला आली. मी स्वतः त्या दिवशी घरी होते. दुसऱ्या दिवशी गेटवरची चिठ्ठी आली त्यात मूठभर नावं, त्यात तिचं. साहेब माझ्या खांद्यावरून वाचत हसले. "मोर्चा हिच्या लोकांचा, अन् ही इथं खोकी भरत होती! काय म्हणावं." हसण्यासारखं काय होतं हो त्यात? वस्तीत तिला लोक काय काय बोलले असतील! तिची सख्खी आई तिच्याशी आठ दिवस बोलली नाही.

"गेली असतीस एक दिवस," मी म्हणाले.

"विद्यापीठाला नाव लागल तवा लागल ताई. मला लई वाटत होतं जावं. पण एकदा पर्मनंट झाले की हक्काची रजा टाकून जाईन ना. दोनशे नऊ झाले."

दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी ती दोनशे चाळीसच्या पुढं गेली. मी पडदा वळवला, तिनं आकडा पाहिला आणि चक्क दारातच बसकण मारली. दिवाळीनंतर अर्ज द्यायचा असं ठरलं.

आणि मग आली खंडेनवमी. या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा. कारखान्यातही मशीनं धुऊन पुसून घ्यायची, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. लेथला माळ, ट्रकला माळ, वजनकाट्याला माळ. त्यात वावगं काही नाही, मीही तसल्याच घरातली. आमच्याकडं कात्रीची पूजा व्हायची, लोकर कातरायच्या. पण कात्रीची पूजा करताना ती मेंढराच्या अंगातून कुणी ओढून काढत नाही!

सकाळी मी हजेरी टाकत होते. लाल दिवा पेटलेला. तेवढ्यात पूजेची मिरवणूक आली, साहेब पुढं, घंटा वाजतीय, मागं दहा-बारा जण अनवाणी. कुणीतरी माझ्या हातात आरतीचं ताट दिलं. साहेबांनी मॉनिटरला कुंकू लावलं, कीबोर्डवर फूल ठेवलं. इथवर ठीक. मग त्यांच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. "अरे, ह्याच्यात काय आहे, नुसता डबा! कंपनीचा जीव तर आत आहे," असं म्हणून त्यांनी खटका फिरवला आणि फ्लॉपी ओढली. दिवा लालभडक! मी "साहेब, थांबा!" म्हणेपर्यंत ती बाहेर. ती ताटात झेंडूच्या फुलांवर ठेवली आणि दोन बोटांनी हळदकुंकू लावलं. कुठं लावलं? नेमकं त्या खाचेत. त्या उघड्या तपकिरी फिल्मवर. वर अक्षता टाकल्या. वर हात जोडले.

मी ताट धरून उभी. आरती चाललेली. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पूजा झाल्यावर मी फ्लॉपी पुसली. ओल्या रुमालानं नाही, मलमलच्या फडक्यानं, श्वास रोखून. आत घातली. मशीन खर्रर्र खर्रर्र करायला लागलं. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: वाचता येत नाही, सोडून देऊ की पुन्हा प्रयत्न करू? पुन्हा. खर्रर्र. पुन्हा. खर्रर्र. मी दुपारपर्यंत तेवढंच करत होते. साहेब आले, पेढा खात म्हणाले, "देवाला वाहिलेलं कधी बिघडतं का? उद्या होईल सुरू." मेल्या माणसा! एका बाईचं वर्ष होतं त्याच्यात. तापातले दिवस होते, मोर्च्याचा दिवस होता. पेढा खातोय!

गुत्तेदाराला बातमी कळायला एक दिवससुद्धा लागला नाही. त्याचे छापील कागद म्हणे पावसात भिजले. दिवाळीनंतर त्यानं पॅकिंगच्या बायकांना घरी बसवलं आणि सांगितलं, दिवस कुणाचेच भरलेले नाहीत. बाकीच्या जणींनी त्याच्याशी जुळवून घेतलं, दोन महिन्यांनी पुन्हा कामावर घ्यायच्या बोलीवर. ही एकटी भांडली. तिनं कामगार कार्यालयात अर्ज दिला.

आता इथपर्यंत सगळा राग साहेबांवर काढला. तो खोटा नाही. आजही तो माणूस समोर आला तर मी त्याला चार शब्द सुनावीन. पण दुसऱ्या फ्लॉपीचं मी सांगितलं नाही.

दर शनिवारी नोंदींची नक्कल काढायची, हा नियम मीच घालून घेतला होता. क्लासमध्ये तेही शिकवलं होतं. नक्कल दर वेळी त्याच एका दुसऱ्या फ्लॉपीवर, जुनीवरच नवी; ती माझ्या टेबलाच्या खणात असायची, कागदी पाकिटात, साहेबांना तिचा पत्ताही नव्हता. खंडेनवमीच्या आधीच्या शनिवारीही मी नक्कल काढायला घेतली. त्या दुपारी शहरात कुठंतरी गडबड झाल्याची बातमी आली आणि कंपनीची बस तासभर आधी सोडायचं ठरलं. बाहेर हॉर्न वाजतोय. वॉचमन दारात येऊन म्हणाला, "आपा, जल्दी करो, बस निकल रही." पडद्यावर नक्कल चाललेली. लाल दिवा पेटलेला. मी दिव्याकडं पाहिलं. पाहिलं, हे विशेष. विसरले नाही, घाई झाली म्हणून लक्ष गेलं नाही असंही नाही. दिवा पाहिला, आणि खटका फिरवून फ्लॉपी ओढली. मनात म्हणाले, सोमवारी पुन्हा काढू. सोमवारी साहेबांचे पाहुणे आले. मंगळवारी राहून गेलं. मग खंडेनवमी.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी खणातली फ्लॉपी घातली. मला आधीच माहीत होतं. तरी घातली. तोच खर्रर्र आवाज, तीच ओळ. साहेबांना निदान अक्कल नव्हती. मला होती. मी शिकलेली होते, मला पगार त्याच अकलेचा मिळत होता. मी ती फ्लॉपी कात्रीनं कापली आणि पिशवीतून घरी नेऊन चुलीत घातली.

जानेवारीत नामांतर झालं. संक्रांतीचे दिवस होते. शहरात कुठं गुलाल, कुठं बंद दुकानं. त्यानंतर दोन-तीनच दिवसांनी कामगार कार्यालयात तिच्या अर्जाची तारीख लागली. मला कंपनीतर्फे बोलावलं होतं. बसमध्ये साहेब म्हणाले, "विचारतील तेवढंच बोला. तुमचे हेही सहा महिने संपत आलेत ना?" एवढंच. धमकी म्हणावी तर धमकी नाही.

अधिकारी भला माणूस वाटला. त्यानं मला विचारलं, "नोंदींची दुसरी प्रत ठेवली नव्हती का?"

मी म्हणाले, "नाही. साहेबांनी तशी पद्धत घालून दिली नव्हती."

साहेबांनी माझ्याकडं चमकून पाहिलं. अधिकाऱ्यानं त्यांना चांगलं झापलं, यंत्र आणता आणि चालवता येत नाही म्हणून. मला बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं! मग त्यानं कागद पालथा केला आणि तिला म्हणाला, "बाई, लेखी काही नाही. मी काय करू?" माझ्याकडं वळून त्यानं आणखी एक प्रश्न विचारला असता, तुम्हाला हिची हजेरी आठवते का, एवढाच, तर कदाचित मी बोलले असते. त्यानं विचारला नाही. न विचारता बोलायला मला कुणी बंदी केली नव्हती.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली ती पिशवी आवळत उभी होती. साहेब रिक्षा बघायला पुढं गेले. तिच्या कपाळाला निळा गुलाल लागलेला होता, धुऊनही राहिलेला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "नाव लागलं शेवटी."

"व्हय. लागलं. सगळी वस्ती नाचली. मला म्हणले, तू कशाला नाचतीस, तू कुठं होतीस मोर्च्याला?" ती हसली. मग हसायची थांबली. "मोर्च्याला नव्हते, ह्याची साक्ष सगळी वस्ती देती ताई. कंपनीत होते, ह्याची कोण देणार?"

मी देऊ शकत होते. दरवाजा दहा पावलांवर होता, अधिकारी अजून आत बसलेला होता. रोज तिच्या नावापुढं 'पी' मीच टाकला होता, तिचा आकडा रोज मीच ऐकला होता. त्याला फ्लॉपी कशाला लागते? तोंड होतं मला.

मी म्हणाले, "साहेबांनीच घोळ केला बघा सगळा."

"व्हय," ती म्हणाली, आणि पिशवी काखेत मारून चालायला लागली.